मडक्याच्या तळावरचं नाव

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या झेंड्यावर पिवळ्या कापडात एक तांबडा सूर्य आहे: मधे वर्तुळ आणि चार दिशांना चार-चार किरण. हा झेंडा १९२५ साली मुक्रर झाला. तो रेखला सांता फे इथल्या हॅरी मेरा यांनी. पेशानं ते डॉक्टर, नाद पुरातत्त्वाचा. कापड शिवलं त्यांच्या पत्नीनं, रीबानं. ही दोन्ही नावं राज्याच्या इतिहासात नोंदलेली आहेत. सूर्य मात्र मेरांचा नव्हता. तो त्यांनी संग्रहालयातल्या एका मडक्यावरून घेतला, आणि ते मडकं होतं झिया नावाच्या छोट्याशा पुएब्लो गावातलं. ते घडवणाऱ्या आणि रंगवणाऱ्या हातांचं नाव कुठल्याही कागदावर नाही. मडकं विधीचं होतं, गावाच्या संमतीवाचून ते बाहेर गेलं, असं झियाचे लोक सांगत आले आहेत.

पुएब्लो मृत्पात्रांविषयी मराठी वाचकाला काही सांगायचं तर ते या नाव असण्या-नसण्यापासूनच सुरू करावंसं वाटतं. पुढच्या पानांत नाम्पेयो, मारिया मार्टिनेझ, लूसी लुईस, मार्गारेट टफोया अशी नावं पुन्हा पुन्हा येतील. ती आलीच पाहिजेत. पण मडक्याच्या तळावर नाव घालण्याची रीत जेमतेम शंभर वर्षांची आहे, आणि मडकी रंगवण्याची हजार वर्षांहून कितीतरी जुनी. मधल्या सगळ्या काळात भांडं बहुधा ज्या घरात बने त्याच घरात वापरलं जाई, आणि ते कोणी केलं हे गावात सगळ्यांना ठाऊक असे. नाव मागितलं ते बाजारानं. या प्रस्तावनेत मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. बाकीचं त्याच्या अनुषंगानं.

आधी माणसांविषयी. सोळाव्या शतकात स्पॅनिश स्वार या कोरड्या पठारावर पोचले तेव्हा त्यांना दगडमातीच्या, एकावर एक मजले चढवलेल्या घरांच्या वस्त्या दिसल्या. आपल्या भाषेतला गावाचा शब्द त्यांनी त्यांना चिकटवला, पुएब्लो, आणि तोच पुढे लोकांचंही नाव झाला. आज न्यू मेक्सिकोत अशी १९ गावं आहेत. शिवाय शेजारच्या ॲरिझोनात होपींच्या वस्त्या. एकाच नावाखाली ही माणसं आली तरी त्यांच्या सगळ्या भाषा एकमेकींच्या नात्यातल्या नाहीत. झुनीची भाषा झुनीपुरतीच. ॲकोमा, झिया, कोचिटी इथे केरेसन, तर सान इल्देफोन्सो आणि सांता क्लारा इथे तेवा. १६८० साली या गावांनी पोपे नावाच्या पुढाऱ्यामागे एकजुटीनं उठाव केला आणि स्पॅनिशांना बारा वर्षं प्रदेशाबाहेर ठेवलं. त्यांच्या परतण्यानंतरच्या धामधुमीत काही तेवा कुटुंबं पश्चिमेला होपींकडे आश्रयाला गेली आणि हानो या वस्तीत स्थिरावली. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण या कलेतलं पहिलं मोठं नाव त्याच हानोतलं आहे.

आता मडकं. चाक नाही. भट्टीही नाही. बाई माती आणायला जाते तेव्हा मातीला आई मानून तिची परवानगी मागते, मक्याच्या पिठाची चिमूट ठेवते आणि लागेल तेवढीच माती घेते. ती भिजवायची, चाळायची, आणि भाजताना तडकू नये म्हणून तिच्यात काहीतरी भरड मिसळायचं. हे काय मिसळतात यावरून गाव ओळखता येतं. झियाच्या मातीत काळ्या बसाल्टची पूड असते, सान इल्देफोन्सोला ज्वालामुखीची राख. टाओसच्या मातीत मुळातच अभ्रक चमकतं. ॲकोमात जुन्या फुटक्या मडक्यांची खापरं कुटून घालतात. रानात, जुन्या वस्त्यांच्या उकिरड्यात सापडलेली खापरंही त्यात जातात. म्हणजे आजच्या भांड्याच्या भिंतीत आजी-पणजीचं, कधी त्याहून कितीतरी जुनं भांडं दळून बसलेलं असतं. परंपरा या गोष्टीवर आपण पुष्कळ बोलतो; ॲकोमाच्या बायका ती पाट्यावर वाटतात.

तळ एका उथळ, परळासारख्या भांड्यात बसवतात. त्यावर मातीच्या लांब वळ्या एकीवर एक चढवत, बोटांनी सांधत, वाळलेल्या भोपळ्याच्या कवचाच्या तुकड्यानं आतून-बाहेरून खरवडत भिंत वर नेतात. ॲकोमाची भांडी इतकी पातळ असतात की हातात घेतल्यावर वजनाचा अंदाज चुकतोच. वाळलं की घासून गुळगुळीत करायचं, बारीक मातीचा पातळ लेप द्यायचा आणि नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटायचं. हे गोटे घराण्यात आईकडून लेकीकडे जातात. काही घरांत त्यांचा इतिहास मडक्यांपेक्षा नीट सांगितला जातो.

यानंतर रंगकाम. इथे थोडं रेंगाळलं पाहिजे, कारण या भांड्यांची कीर्ती मुख्यतः रेघेवर उभी आहे.

कुंचला युकाच्या पानाचा. युका ही कोरड्या माळावरची ताठ, टोकदार पानांची वनस्पती. पानाचा तुकडा घेऊन त्याचं टोक दातांनी चावतात, गर निघून जातो, धागे उरतात. जाड पट्टा भरायचा तर धागे जास्त ठेवायचे. केसासारखी रेघ हवी तर मोजकेच, बाकीचे काढून टाकायचे. काळ्या रंगासाठी बीवीड नावाचं रानझुडूप लागतं. ते आपल्या तिळवणीच्या जवळच्या नात्यातलं. त्याचा कोवळा पाला तिकडेही भाजी म्हणून खातात. झुडपं उकळून उकळून त्यांचा काळपट पाक करतात, तो वाळवून वड्या ठेवतात. वापरताना वडी दगडावर पाण्यात उगाळायची आणि तिच्यात लोहखनिजाची पूड मिसळायची. तांबडे-पिवळे रंग वेगवेगळ्या मातींचे. कुंचला रंगात बुडवला की घोटलेल्या पृष्ठावर टेकवायचा आणि ओढायचा. न भाजलेली माती रंग तिथल्या तिथे पिऊन टाकते. रेघ चुकली तर पुसून पुन्हा काढण्याची सोय जवळजवळ नसते.

आणि पृष्ठ सपाट नाही. पोट फुगतं, खांदा आत वळतो, गळा अरुंद होतो. पोटावर दोन बोटं रुंद असलेली पट्टी गळ्याशी निमुळती व्हायला हवी, आणि चौफेर फिरून जिथे सुरुवात केली तिथे आकृती नेमकी येऊन भिडली पाहिजे. शेवटचं फूल अर्धं पडून चालत नाही. १९२०च्या दशकात रूथ बन्झेल ही मानवशास्त्रज्ञ झुनी, ॲकोमा, होपी आणि सान इल्देफोन्सोच्या बायकांजवळ बसून हे शिकली, आणि ‘द पुएब्लो पॉटर’ हे तिचं पुस्तक १९२९ साली आलं. तिनं नोंदलेली गोष्ट अशी की कागदावर कच्चं रेखाटन कोणी करत नव्हतं. बाई कोरं मडकं हातात फिरवून बघत बसे, बोटांच्या मापानं घेर विभागून घेई, आणि चित्र पूर्णपणे डोक्यात उतरल्यावरच कुंचला उचले. काहींना नक्षी स्वप्नात दिसे. काही गावांत मडक्याभोवतीच्या रेघेत मुद्दाम एक फट सोडतात. तिचे अर्थ गावोगाव वेगळे सांगितले जातात, आणि बाहेरच्याला सगळे सांगितले जातातच असं नाही. जाणकार मंडळी प्रत्येक पायरी-नागमोडीला ‘ढग’ किंवा ‘पाऊस’ असं लेबल लावून टाकतात तेव्हा मला थोडा संशय येतो. पाऊस त्या भूमीत जीवनमरणाचा आहेच. पण सुंदर दिसतं म्हणून काढलेली रेघही असू शकते. बन्झेलला अशी उत्तरंही मिळाली होती.

भाजणं उघड्यावर. जाळीवर भांडी उपडी ठेवायची, भोवती-वर शेण्या रचायच्या आणि पेटवायचं. वारा नको म्हणून बहुधा सकाळची वेळ. आतून एखादा टणत्कार ऐकू आला की महिन्याभराची मेहनत गेली असं समजायचं. आच बेताची असल्यामुळे भांडं पूर्ण पक्कं होत नाही, सच्छिद्र राहतं. पूर्वी पाण्याची घागर म्हणून ते याचसाठी चांगलं, पाणी झिरपून गार राही.

ही घागर वापरातून गेली ती १८८०च्या सुमारास रेल्वे आल्यावर. गाडीतून पत्र्याची आणि एनॅमलची भांडी आली, आणि त्याच गाडीतून प्रवासी आले. ॲकोमा आणि लगूना इथल्या बायका स्टेशनांवर डोक्यावर मडकी घेऊन उभ्या राहू लागल्या. प्रवाशाला डब्यात मावेल असं लहान, स्वस्त काहीतरी हवं असे. मडकी त्या मापाची झाली. दुसऱ्या बाजूनं १८७९ पासून स्मिथसोनियनच्या मोहिमांनी झुनी आणि होपी गावांतून हजारो वस्तू गोळा करून वॉशिंग्टनला नेल्या. वाचवण्याच्या उदात्त हेतूनं, असं तेव्हा म्हटलं गेलं. परिणाम असा की पोरींना शिकताना समोर ठेवायला आजीची घागर घरात उरली नाही.

या काळात हानोच्या नाम्पेयोनं (सुमारे १८५९ ते १९४२) जुनी खापरं वाचायला घेतली. आई तेवा, वडील शेजारच्या वाल्पी गावचे होपी. मडकी ती वडिलांच्या आईकडे शिकली. वस्तीपासून जवळच सिक्यात्की हे पंधराव्या शतकात भरभराटलेलं उजाड गाव होतं. तिथली भांडी बसक्या, रुंद खांद्याची, मधाळ पिवळ्या रंगाची, त्यांवर पक्ष्यांची पिसं-पंख मोडून-जोडून काढलेली विलक्षण मोकळी चित्रं. १८९५ साली पुरातत्त्वज्ञ जेसी फ्यूक्स यांनी तिथे उत्खनन केलं आणि नाम्पेयोचा नवरा लेसू त्यात मजूर होता. यावरून फ्यूक्स यांनी सांगितलं की तिची नवी शैली त्यांच्या उत्खननातून जन्मली. बरीच वर्षं तेच छापलं गेलं. पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की ती त्याआधीपासूनच जुन्या घाटांवर काम करत होती, खापरं रानात उघडी पडलेली होती आणि थॉमस कीम या व्यापाऱ्याकडे जुन्या नमुन्यांना गिऱ्हाईकही होतं. पुरुष विद्वानानं खणावं आणि बाईनं नक्कल करावी, ही कथा सांगायला सोपी होती म्हणून टिकली, असं माझं मत आहे. नाम्पेयोची भांडी शेजारी ठेवून पाहिली तर नक्कल कुठेच सापडत नाही. तिनं व्याकरण घेतलं आणि वाक्यं आपली केली.

१९०५ साली ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर प्रवाशांसाठी हॉटेलं चालवणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीनं ‘होपी हाउस’ हे दुकान उभं केलं आणि नाम्पेयोला कुटुंबासह तिथे आणून बसवलं. प्रवासी येत, फोटो काढत, मडकं विकत घेत. तिला लिहिता येत नव्हतं. मडक्याच्या तळावर तिचं नाव असे ते कंपनीनं चिकटवलेल्या छापील चिठ्ठीवर. पुढे तिची दृष्टी गेली. स्पर्शानं ती घडवत राहिली आणि मुलींनी रंगवलं. काही भांड्यांवर ‘नाम्पेयो फॅनी’ अशी जोडसही दिसते, हात धाकट्या लेकीचा. चार-पाच पिढ्या उलटल्या तरी घराण्यात नाम्पेयो हे नाव चालू आहे. तिची पणती डेक्स्ट्रा क्वोत्सकुय्वा ही आपल्या काळातल्या सर्वश्रेष्ठ कुंभारांत गणली गेली.

सान इल्देफोन्सोच्या मारिया मार्टिनेझचं (सुमारे १८८७ ते १९८०) नाव याहून मोठं झालं. तिच्यामुळे जगाला पुएब्लो मडकं म्हटलं की काळं मडकं आठवतं. तिचा नवरा हूलियन १९०७च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ एडगर ह्यूएट यांच्या उत्खननावर कामाला होता. तिथे निघालेल्या जुन्या खापरांसारखी भांडी करून बघ, असं मारियाला सुचवण्यात आलं. प्रयोग करता करता १९२०च्या आसपास दोघांनी काळ्यावर काळं साधलं. कृती अशी: लाल मातीचा लेप देऊन भांडं आरशासारखं घोटायचं, त्यावर मातीच्याच पातळ रंगानं चित्र काढायचं, आणि भाजताना ऐन वेळी घोड्याच्या लिदीचा भुगा ओतून आग गुदमरवायची. हवा कोंडली की धुरातला कार्बन मातीत शिरतो आणि लाल भांडं काळं होऊन बाहेर येतं. घोटलेला भाग चकाकतो, रंगवलेला भाग मखमली निस्तेज राहतो. आच वाढली तर चकाकी जाते, म्हणून ती मुद्दामच कमी ठेवतात.

मारिया घडवायची, रंगवायची जवळजवळ कधीच नाही. जगानं डोक्यावर घेतलेली शिंगाच्या पाणसर्पाची आणि गोल पिसांची चित्रं हूलियनची. घोटणं बऱ्याचदा बहीण क्लाराचं. तळावरची सही आधी फक्त ‘मारी’ अशी येई, गोऱ्या गिऱ्हाइकाला ओळखीचं वाटावं म्हणून. मग ‘मारी-हूलियन’. १९४३ साली हूलियन गेल्यावर सून सांतानाबरोबर, नंतर मुलगा पोपोवी दा याच्याबरोबर जोडनावं आली. सहीचं मडकं जास्त किमतीला जातं हे कळल्यावर मारिया गावातल्या इतर बायकांच्या मडक्यांवरही आपलं नाव घालून देई, असं सांगतात. संग्राहक त्यामुळे चक्रावले. मला तिच्या साऱ्या चरित्रात ही गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. बाजार ज्याला बनावट म्हणेल ते तिच्या गावात शेजारधर्म होतं.

लूसी लुईस ही ॲकोमाची, उंच कातळावरच्या गावातली. तिच्या कामाविषयी शब्दांपेक्षा छायाचित्रं जास्त सांगतील: पांढऱ्या भांड्यावर शेकडो समांतर काळ्या रेघा, बारीक आणि न थरथरता, दुरून राखी दिसणाऱ्या. १९५० साली गॅलपच्या मेळ्यात तिला बक्षीस मिळालं तेव्हा ती आयुष्यभर मडकी करत आलेली प्रौढ बाई होती. सांता क्लाराच्या मार्गारेट टफोयानं रंग जवळजवळ सोडून प्रचंड काळे रांजण घडवले, अस्वलाच्या पंजाचा ठसा उमटवलेले. कोचिटीच्या हेलन कॉर्डेरोची मडकी वाकडी होत, म्हणून ती मातीच्या मूर्तींकडे वळली. १९६४ साली तिनं गोष्टी सांगणाऱ्या आपल्या आजोबांची अंगाखांद्यावर पोरं घेतलेली मूर्ती केली, आणि पाहता पाहता गावोगाव तशा मूर्ती होऊ लागल्या.

‘पारंपरिक’ म्हणायचं कशाला, हा वाद इथेच सुरू होतो. सांता फे इथे १९२२ पासून मेळा भरतो; सुरुवातीला परीक्षक बाहेरचे गोरे लोक असत आणि त्यांच्या नजरेला जुनं दिसेल त्याला बक्षीस देत. मारियाचं काळ्यावर काळं त्या वेळी अगदी ताजं होतं. बघता बघता तेच परंपरेचा मापदंड बनलं. पुढे सांता क्लाराच्या जोडी फोलवेलनं मडक्यावर राजकारण आणलं तेव्हा नाकं मुरडली गेली. कोचिटीचा डिएगो रोमेरो प्राचीन मिम्ब्रेस संस्कृतीच्या वाडग्यांच्या धाटणीत कॉमिकचे नायक रंगवतो, आणि मिम्ब्रेस चित्रकारांनाही विनोद वर्ज्य नव्हता हे त्याचे टीकाकार विसरतात. माझा कौल अशा वेळी कुंभाराच्या बाजूनं असतो. माती कुठून आणली, कोणाकडून शिकली, हे ज्याला सांगता येतं त्याला काय रंगवावं हे परीक्षकानं सांगू नये.

अलीकडे सांगण्याचा हक्कही थोडा परत आला आहे. २०२२ साली सांता फे इथे आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ‘ग्राउंडेड इन क्ले’ हे प्रदर्शन झालं. मडक्यांची निवड पुएब्लो समाजातल्याच साठाहून अधिक जणांनी केली आणि प्रत्येकानं आपल्या मडक्याजवळ आपलं लिहिलं. कोणी शैली आणि कालखंडाविषयी लिहिलं नाही असं नाही. पण बरेच जण आजीच्या स्वयंपाकघराविषयी लिहून गेले.

वाचकांपैकी पुष्कळांची मुलं-नातवंडं आता अमेरिकेत आहेत, आणि ग्रँड कॅन्यन किंवा सांता फे त्यांच्या सहलीच्या यादीत असतंच. त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. दुकानात ‘हातानं रंगवलेलं’ अशी चिठ्ठी दिसली तर तेवढ्यावर भुलू नका. साच्यात ओतलेलं, कारखान्यात तयार झालेलं भांडंही हातानं रंगवता येतं, आणि तसं सर्रास विकलं जातं. मूळनिवासींच्या नावावर खोटा माल विकणं १९९०च्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी पारख गिऱ्हाइकालाच करावी लागते. माती स्वतः आणलेली का, वळ्यांनी घडवलेलं का, उघड्यावर भाजलेलं का, हे सरळ विचारा. करणाऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही. कोणी रंगवलं तेही विचारा, कदाचित तळावर नसलेलं एखादं नाव कळेल. गावात शिरण्याआधी परवानगी घ्या आणि नाही म्हटलं तिथे कॅमेरा बाहेर काढू नका. मडकं घरी आणल्यावर त्यात पाणी किंवा ओली फुलं ठेवू नका. आजचं हे मडकं शोभेसाठी केलेलं असतं. ओल आली की लेप सुटतो, चकाकी जाते, आणि ती पुन्हा आणता येत नाही.